दे बघू बाळा

लहान मुलांना दातृत्व शिकवण्याचा पहिला पाठ मूल बसायला लागले की सुरू होतो, आणि तो बिस्किटावर होतो. मुलाच्या हातात बिस्कीट असते. समोरचे काका, मावशी किंवा नुसतेच गॅसचा सिलिंडर घेऊन आलेले गृहस्थ हात पुढे करून म्हणतात, "मला देतोस? दे बघू!" मूल बिस्किटाकडे पाहते, काकांकडे पाहते आणि बराच विचार करून बिस्कीट पुढे करते. लगेच काका म्हणतात, "नको रे राजा, तूच खा!" सगळे टाळ्या वाजवतात. दर पाहुण्यामागे एकदा या दराने हा प्रयोग वर्षभर चालतो. वर्षअखेरीस मुलाचा सिद्धांत पक्का होतो : देणे म्हणजे वस्तू थोडा वेळ पुढे धरणे, ती परत येते, वर टाळ्या मिळतात.

हा सिद्धांत जन्मभर टिकला असता, पण प्रत्येक कुटुंबात एक तरी काका असा निघतो, जो ते बिस्कीट खरोखरच खातो. त्यानंतर जो आकांत होतो तो कद्रूपणाचा नसतो, करार मोडल्याचा असतो. आई मात्र ओशाळून म्हणते, "असं करत नाही हो. एरवी सगळ्यांना देतो." हे खरेच असते. एरवी कोणी घेत नाही.

मुलाची स्वतःची दानपद्धती वेगळी आहे. ते अर्धे चघळलेले, ओलसर, कडेला लोकरीचा एखादा धागा चिकटलेले बिस्कीट थेट समोरच्याच्या तोंडात कोंबते. यात परतीची अपेक्षा नाही, पात्रापात्र विचार नाही, आणि हातात असलेले सर्वोत्तम तेच दिलेले आहे. इतके निरपेक्ष दान मोठी माणसे "शी, उष्टं!" म्हणून नाकारतात. पुढे शाळेच्या वयात मुले या अडचणीवर आपला उपाय शोधतात. लिमलेटची गोळी सदऱ्याच्या टोकात गुंडाळायची, वरून दाताने फोडायची आणि अर्धी मित्राला द्यायची. याला चिमणीचे दात म्हणतात. गोळी उष्टी होत नाही. सदऱ्याचे काय होते, हे धुणाऱ्याला विचारावे.

वास्तविक मुलाला यातले फारसे शिकवावे लागत नाही, असे संशोधकांचे म्हणणे आहे. जर्मनीतील लाइपझिग येथे फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी दीड वर्षाच्या मुलांसमोर काही प्रयोग केले. ते २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रयोग करणारा मनुष्य कपडे वाळत घालताना चिमटा पाडतो आणि हात पोचत नसल्याचे दाखवतो. कोणी न सांगता, न मागता बरीच मुले दुडदुडत जाऊन चिमटा उचलून देतात. मराठी घरांत हा प्रयोग रोज होतो. फरक एवढाच, की चिमटा देऊन झाल्यावर तितक्याच तत्परतेने वाळलेले कपडेही बादलीत परत दिले जातात आणि सोबत वडिलांचा मोबाइल दिला जातो.

याच संशोधकांनी २००८ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. मदत केल्याबद्दल ज्या लहानग्यांना खेळणे बक्षीस मिळाले, ती पुढच्या वेळी कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच मिळाले नाही, ती करत राहिली. हा शोध घराघरांत पोचण्यापूर्वीच "ताईला अर्धा पेरू दिलास तर चॉकलेट देईन" ही योजना सर्वत्र लागू झालेली होती. तिचा परिणाम साडेतीन वर्षांच्या आसपास दिसतो. आई म्हणते, "ताईला पेरू दे." चिरंजीव विचारतात, "कुठलं चॉकलेट?" चार वर्षांचे झाल्यावर ते ताईला पेरू देण्याआधी पेरूचे अधिक भाग करतात, कारण दर नगावर असतो.

सणावारांनी या शिक्षणात भर घालावी, अशी परंपरेची योजना आहे. त्यातला पहिला सण बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीतरी मुलाला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात, आणि डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, शेंगा व अलीकडे चॉकलेटे ओततात. भोवतीची मुले ती लुटतात. पाटावरचे मूल या समारंभातला मुख्य दाता आहे, पण त्याला कोणी विचारलेले नसते. डोक्यावर बोर लागते, कानातला हलवा शेजारची मुलगी खाते, आणि आपल्या नावाचा खाऊ इतर दहा जणांच्या खिशात जाताना त्याला हसून कॅमेऱ्याकडे पाहायचे असते. पुढच्या वर्षी ते दुसऱ्याच्या बोरन्हाणाला जाते तेव्हा एवढे त्याला कळलेले असते, की पाटाच्या बाजूला बसणे फायद्याचे.

दसऱ्याच्या सोन्यामागे रघु आणि कौत्स यांची कथा सांगतात. कौत्साला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या. रघूने तर विश्वजित यज्ञात सगळे देऊन टाकलेले. रघू स्वारीला निघणार हे कळताच कुबेराने सोन्याचा वर्षाव केला. रघू म्हणाला, सगळे ने. कौत्स म्हणाला, चौदा कोटींवर एकही नको. उरलेले सोने लोकांनी लुटले. देणारा जास्त देतो आणि घेणारा कमी घेतो, हे दृश्य मुलाने कोणत्याही दुकानात पाहिलेले नसल्याने ते प्रभावित होते. मग आपट्याच्या पानांचा गठ्ठा घेऊन बाबांबरोबर सोसायटीत हिंडते. संध्याकाळी हिशेब होतो.

"आपण किती पानं दिली?"

"वीस-पंचवीस असतील."

"आणि मिळाली किती?"

"तेवढीच."

"मग कुणाचं काय गेलं?"

बाबा सांगतात की भावना महत्त्वाची असते. पाने सकाळी साठ रुपयांना आणलेली असतात. म्हणजे गेले ते बाबांचेच, पण हे सांगण्यासारखे नसते.

तीन वर्षांनंतर खेळणी वाटून घेण्याचा पाठ येतो. पाहुण्यांबरोबर त्यांचा मुलगा आलेला असतो आणि घरच्या मुलाला सांगितले जाते, "दादाला तुझी गाडी दे हं थोडा वेळ." घरच्या मुलाला ती गाडी गेले तीन महिने आठवलेली नसते. दादाचा हात लागताच ती त्याची जन्माची सोबतीण होते. स्मिथ, ब्लेक आणि हॅरिस या अमेरिकी संशोधकांनी २०१३ साली याचा अभ्यास स्टिकर देऊन केला. तीन ते आठ वर्षांच्या सर्वच वयोगटांतील मुलांनी सांगितले, की निम्मे दुसऱ्याला द्यायला हवेत. लहानांनी मात्र जास्त स्टिकर स्वतःकडेच ठेवले. 'तू किती देशील' असे विचारल्यावर त्यांनी हे आधीच प्रामाणिकपणे सांगितलेही होते. म्हणजे नियम तोंडपाठ असतो, लागू इतरांना असतो. सोसायटीच्या पार्किंगचा वाद ऐकलेल्यांना या निष्कर्षात नवे काही आढळणार नाही. फक्त तिथे वयोगट पन्नास ते सत्तर असतो आणि प्रामाणिकपणे आधी सांगण्याची पद्धत नसते.

चार-पाच वर्षांच्या सुमारास गोष्टी सुरू होतात. मराठी घरांत दातृत्वासाठी कर्ण, बळी आणि हरिश्चंद्र ही नावे ठरलेली आहेत. तिन्ही गोष्टी मोठ्यांना पाठ असतात, पण मुलाला सांगायला बसेपर्यंत त्यांच्या पुढच्या भागाकडे कोणाचे लक्ष गेलेले नसते. कर्ण कवचकुंडले इंद्राला देतो आणि पुढे युद्धात उघडा पडतो. बळी तीन पावले जमीन देतो आणि पाताळात जातो. हरिश्चंद्र स्वप्नात विश्वामित्राला राज्य देतो आणि जागेपणी बायको-मुलाला विकून स्मशान राखतो. मूल एकदम झोपेतून जागे होते. "म्हणजे दिलं की असं होतं?"

बळीच्या गोष्टीतले शुक्राचार्य पाण्याची धार अडवण्यासाठी झारीच्या तोंडात जाऊन बसतात आणि दर्भाची काडी लागून एक डोळा गमावतात. जगाने त्यांना नावे ठेवली आहेत. मुलाला मात्र त्या गोष्टीत तेवढाच एक माणूस ओळखीचा वाटतो. आजीने मंडळाच्या वर्गणीला हजार रुपये काढले, की बाबाही असेच मध्ये जाऊन बसतात. हरिश्चंद्राच्या गोष्टीनंतर तर चौकशीच सुरू होते.

"बाबा, तुम्हाला स्वप्नं पडतात?"

"पडतात की."

"त्यात कुणी काही मागितलं तर नाही म्हणा हं."

ही भीती अगदीच निराधार नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा राजपुत्राचे काम स्वतःच्याच मुलाला, भालचंद्रला दिले होते. वडिलांच्या दातृत्वात मुलाला परस्पर सामील करून घेण्याची प्रथा आपल्या चित्रपटसृष्टीत पहिल्यापासून आहे.

कठोपनिषदातली नचिकेताची गोष्ट मात्र घरोघरी सहसा टाळली जाते, आणि टाळणाऱ्यांचा हेतू स्पष्ट आहे. नचिकेताच्या वडिलांनी सर्वस्वदानाचा यज्ञ मांडला आणि दानात गाई दिल्या. पण त्या अशा, की ज्यांचे पाणी पिऊन झाले होते, गवत खाऊन झाले होते आणि दूध देऊन झाले होते. भोवतीच्या मोठ्या माणसांपैकी कोणी काही बोलले नाही. पोराने ते पाहिले आणि वडिलांना विचारले, मला कोणाला देणार? एकदा विचारले, दोनदा विचारले. तिसऱ्यांदा विचारल्यावर वडील चिडून म्हणाले, यमाला. दानधर्म चालू असताना मुलांनी मध्ये बोलू नये, ही शिस्त तेव्हापासूनची असावी. त्या गाई आजही दिल्या जातात. फक्त त्यांचे रूप बदलले आहे, आणि त्या मोजणारे पोर प्रत्येक घरात आहे.

त्याचा प्रत्यय जुने कपडे काढताना येतो. पूरग्रस्तांसाठी कपडे गोळा होत आहेत असे कळले, की कपाटासमोर ढीग लागतो. आई मुलाला जवळ बसवून सांगते, की ज्यांच्याकडे नाही त्यांना द्यावे. मग निवड होते. चांगल्या साड्या परत कपाटात जातात. त्यांच्या खालोखाल बऱ्या असतात त्या बोहारणीसाठी बाजूला ठेवल्या जातात, कारण ती स्टीलचे पातेले देते. उरलेल्यांतले धड ते फरशी पुसायला राखून ठेवतात. यानंतर जे उरते ते पूरग्रस्तांना मिळते : एका बाजूने विटलेला पडदा, चेन तुटलेली पँट आणि एका हाताचा स्वेटर.

"आई, या स्वेटरला एकच हात आहे."

"असू दे. गरजूंना तेवढाही पुष्कळ असतो."

"त्यांना एकच हात असतो?"

इथे मुलाला बाहेर खेळायला पाठवतात.

यानंतर खेळण्यांची पाळी येते. "तुझी दोन खेळणी द्यायची आहेत, तूच निवड," असे म्हणणे हा आधुनिक पालकत्वाचा भाग आहे. आईच्या मनात चाक गेलेला ट्रक आणि तोंड उडालेली बाहुली असते. मूल मात्र मागच्याच महिन्यात आजोबांनी आणलेली रिमोटची गाडी उचलते, खाली जाते आणि वॉचमनकाकांच्या मुलाला देऊन येते. घरात प्रथम कौतुक होते, मग किंमत आठवते. आई म्हणते, "ती नाही रे, ती महाग आहे." मूल म्हणते, "त्याला तीच आवडली." आजी म्हणते, "दिलेलं परत मागू नये." आजोबा काही बोलत नाहीत, पण जेवताना वरणात मीठ कमी आहे असे दोनदा सांगतात. बाबा शेवटी खाली जाऊन वॉचमनकाकांना म्हणतात, "खेळू दे हो, खेळू दे. फक्त रिमोट वर राहिला होता की काय ते बघायला आलो." रिमोट वर राहिलेला नसतो. मुलाने तो नीट सेलसकट दिलेला असतो.

मूल इतके नीट वागले याचे आश्चर्य करण्याचे कारण नाही. कॅनडातील लारा अकनिन, कायली हॅम्लिन आणि एलिझाबेथ डन यांनी २०१२ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना खाऊ दिला आणि त्यातला थोडा एका बाहुल्याला द्यायला लावला. खाऊ मिळताना खुलले त्यापेक्षा देताना मुलांचे चेहरे जास्त खुलले. आणि सापडलेल्या खाऊपेक्षा स्वतःच्या वाट्यातला देताना आणखी खुलले. मोठ्यांवर हाच प्रयोग सोसायटीच्या देखभाल खर्चाबाबत करून पाहण्यास हरकत नाही.

देवळात मुलाच्या हातून पेटीत पैसे टाकण्याची रीत आहे. यासाठी बाबा रांगेत उभे राहून सगळे खिसे तपासतात. नाणे शोधण्यात पाच मिनिटे जातात.

"बाबा, ती पाचशेची आहे ना!" मूल सभामंडपात ऐकू जाईल अशा आवाजात मदत करते.

"ती नको. सुटे नाहीत."

"देवाकडे सुटे असतील."

देवाला मोठ्या नोटा चालतात की नाही याचे उत्तर ८ नोव्हेंबर २०१६ नंतर काही दिवस अवघ्या देशाला मिळाले. त्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बाद झाल्या, आणि पुढे कित्येक देवस्थानांच्या पेट्यांत त्याच नोटा निघू लागल्या. दूध देऊन झालेल्या गाईंचा एवढा मोठा कळप त्यापूर्वी कधी देवळापर्यंत आला नसावा.

सिग्नलला गाडी थांबली की पाठ अवघड होतो. काचेवर टकटक होते. बाहेर मुलाच्याच वयाची मुलगी फुगे घेऊन उभी असते. बाबा समोर पाहत म्हणतात, "तिकडे बघू नकोस."

"का?"

"अशांना पैसे द्यायचे नसतात. १९५९ चा कायदा आहे भिक्षा प्रतिबंधाचा."

"मग कुणाला द्यायचे?"

"गरजूंना."

"ते कुठे असतात?"

दिवा हिरवा होतो. पालकत्वाच्या अनेक प्रश्नांची उत्तरे महानगरपालिकेच्या सिग्नलने दिली आहेत.

पात्रापात्रतेचा हा प्रश्न थोरांच्या घरीही पडला होता. विनोबा भावे लहान असताना त्यांच्या आईने, रुक्मिणीबाईंनी, दारात आलेल्या एका धडधाकट भिकाऱ्याला भिक्षा घातली. विनोबांनी आक्षेप घेतला, की अशाने आळस वाढतो. आणि आधाराला देश, काल, पात्र पाहण्याची गीतेची अटही सांगितली. आईने शांतपणे ऐकून घेतले आणि, पात्र कोण हे ठरवणारे आपण कोण, दाराशी येईल त्याला देव मानून यथाशक्ती द्यावे, अशा अर्थाचे उत्तर दिले. या उत्तरापुढे आपल्याला कधी तोडीचा युक्तिवाद सापडला नाही, असे विनोबांनी पुढे सांगितले आहे. हीच गोष्ट आजच्या आया मुलांना सांगतात, आणि सांगत असतानाच बेल वाजली तर दाराच्या भिंगातून आधी कोण आहे ते पाहतात.

त्याच विनोबांना १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे शंभर एकरांचे पहिले भूदान मिळाले आणि पुढे त्यांनी देशभर पायी फिरून लक्षावधी एकर जमीन मागून मिळवली. वाटप करायची वेळ आली तेव्हा त्यातली बरीचशी जमीन खडकाळ, पडीक किंवा कोर्टात अडकलेली निघाली. देणाऱ्यांनी जमीन दिली होती यात शंका नाही. एका हाताचे स्वेटर फक्त कपाटातच असतात असे नाही.

वाढदिवस हा अभ्यासक्रमातला प्रात्यक्षिकाचा दिवस. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस आणि तामस असे दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीच्या आशेने किंवा कुरकुरत दिलेले ते राजस. गीतेत 'रिटर्न गिफ्ट'चा उल्लेख नाही, पण व्याख्या पुरेशी व्यापक आहे. आलेला पाहुणा भेट देतो, जाताना त्याला पिशवी मिळते, आणि जिन्यातच पिशवी उघडून "मी तर शंभराचं दिलं होतं" हा निकाल लागतो. मोठी माणसे हेच काम लग्नात वहीत लिहून करतात. तिथे पाकिटावर रुपयाचे नाणे आधीच चिकटवलेले असते, त्यामुळे उदारपणाचा एक रुपया छापखान्यातूनच येतो.

काही सुजाण पालक मुलाचा वाढदिवस बालकाश्रमात साजरा करतात. तिथे आधी तारीख घ्यावी लागते, कारण रविवारी उदारपणाला गर्दी असते. आश्रमातल्या मुलांना या कार्यक्रमाचा चांगला सराव असतो. ती ओळीत बसतात, गाणे म्हणतात, टाळ्या कुठे वाजवायच्या हे पाहुण्यांना खुणेने सांगतात. तिथला एक अनुभवी मुलगा आपल्या चिरंजीवांना बाजूला घेऊन सल्लाही देतो : "पुढच्या वेळी श्रीखंड नको सांग. या महिन्यात तीनदा झालं. पावभाजी सांग." मग वह्या वाटायच्या असतात. वही दिली जाते. पण फोटोत देणाऱ्याचा चेहरा आला नाही म्हणून ती परत घेऊन पुन्हा दिली जाते. मग घेणाऱ्याने डोळे मिटले म्हणून पुन्हा. चौथ्या वेळी घेणारा मुलगाच शांतपणे म्हणतो, "काका, प्रकाश खिडकीकडून येतोय. तिकडे उभे राहू या." आपल्या मुलाला इतके कळते, की वस्तू खटका वाजेपर्यंत सोडायची नसते. बिस्किटाच्या वेळचा सिद्धांत इथे थोडा सुधारला जातो.

शाळाही मागे नसते. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वज दिन असतो; १९४९ पासून तो पाळला जातो आणि सैनिक, माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबांसाठी निधी जमवला जातो. मुलांच्या हाती छोटे ध्वज येतात आणि मुलांनी घरोघरी जाऊन, हेतू सांगून, थोडेथोडे जमवावे अशी कल्पना असते. प्रत्यक्षात मूल ही गोष्ट ६ तारखेला रात्री साडेनऊ वाजता, दात घासताना सांगते. बाबा पाकीट काढतात आणि सगळे ध्वज स्वतःच विकत घेतात. शाळेत मुलाचे नाव फळ्यावर येते. घरात आठवडाभर फ्रिजवर, टीव्हीवर, आजोबांच्या चष्म्याच्या डबीवर ध्वज दिसतात.

गणपतीच्या वर्गणीला मंडळाचे कार्यकर्ते आले, की बाबा आधी पावतीपुस्तक मागून घेतात. देवावरची श्रद्धा किती, हे खालच्या मजल्यावरच्यांनी किती दिले यावरून ठरते. मूल हे पाहते आणि होळीला स्वतःचे मंडळ काढते. वहीचे कागद फाडून पावत्या होतात. पहिल्याच दारात ते म्हणते, "काकू, वरच्यांनी एकावन्न दिले." वरचे गावाला गेलेले असतात. एकशे चाळीस रुपये जमतात. त्यांतले एकशे दहा कार्यकर्त्यांच्या कुल्फीवर खर्च होतात, वीस रुपये हरवतात आणि दहा रुपयांत होळी होते. जमाखर्च मात्र लिहिलेला असतो, आणि त्यात कुल्फीपुढे 'प्रवास' असे लिहिलेले असते.

दात्याचे नाव हा शेवटचा धडा असून तो कोणी मुद्दाम शिकवत नाही. देवळाच्या पायरीवर नाव असते, बाकावर नाव असते, सभागृहातल्या पंख्याच्या पात्यावर लाल रंगात 'यांच्या स्मरणार्थ' असते. पंखा सुरू असला की नाव वाचता येत नाही. त्यामुळे दात्याचे कुटुंब कार्यक्रमाला आले, की पुढच्या चार रांगा घामाघूम होतात. हे पाहून आलेले मूल वाचनालयाला दिलेल्या गोष्टींच्या पुस्तकात पानोपानी आपले नाव, इयत्ता, तुकडी आणि हजेरी क्रमांक लिहिते. आई रागावते. "दिलेल्या वस्तूवर नाव घालायचं नसतं." "मग पंख्यावर?" "ते मोठ्यांचं वेगळं असतं." मोठ्यांचे आणखीही वेगळे असते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ऐंशी-जी नावाचे कलम होते. त्याखाली देणगीवर सवलत मिळे, पण दोन हजारांहून जास्त रोख दिली तर नाही. त्यामुळे मार्च महिन्यात बाबांच्या करुणेला जो पाझर फुटे, तो चेकनेच फुटे.

एवढ्या सगळ्या पाठांनंतर मूल काय शिकते, याचे उत्तर १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दिले आहे. सात ते अकरा वर्षांच्या मुलांनी खेळात टोकन जिंकली. त्यातली काही गरजू मुलांसाठी देता येत होती. त्याआधी एक मोठा मनुष्य त्यांच्यासमोर तोच खेळ खेळला. कधी त्याने उदारपणे दिले, कधी काहीच दिले नाही. कधी देण्यावर प्रवचन केले, कधी न देण्यावर. मुलांनी प्रवचन ऐकून घेतले आणि त्या माणसाने जे केले तेच केले. दोन महिन्यांनंतरही त्या करणीचा प्रभाव टिकून होता. शिकवण्याची पद्धत यावरून अगदी सोपी ठरते : मुलासमोर द्यावे आणि गप्प बसावे. पहिली अर्धी गोष्ट पुष्कळ घरांत जमते.

मूल्यमापनाचे निश्चित कोष्टक नाही, पण निकाल कधीकधी अचानक हाती येतो. एखादे दुसरीतले मूल रोज डबा चाटूनपुसून आणू लागते. आई त्याच्या वाढत्या भुकेवर खूश असते. महिन्याभराने बाईंकडून कळते, की वर्गातला एक मुलगा डबा आणत नाही आणि निम्मी पोळीभाजी तिकडे जाते. आई विचारते, "सांगितलं का नाहीस?" मूल म्हणते, "काय सांगायचं?" ना फोटो, ना पावती, ना चॉकलेट. भाजीही चांगली असेल त्या दिवशीचीच जास्त दिलेली असते. दुसऱ्या दिवसापासून आई एक पोळी जास्त घालते, ही झाली अभ्यासक्रमाची फलश्रुती. दुपारपर्यंत ही हकिकत कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर पोचते, संध्याकाळपर्यंत 'संस्कार' या शब्दासह नाशिकच्या आत्यापासून न्यू जर्सीच्या मामापर्यंत सगळ्यांचे हात जोडलेले येतात, आणि रात्री बाबा नम्रपणे लिहितात, "आम्ही विशेष काही केलं नाही." केलेल्या दानाचा गाजावाजा करू नये, हा धडाही या अभ्यासक्रमात आहे, तो फक्त पालकांसाठी राखून ठेवलेला असून त्याची परीक्षा ऐच्छिक आहे.